थंडीतला सिंहगड किती रुपयांत?

सिंहगडावर पायी जायला एक पैसा लागत नाही. रायगडावर पुरातत्त्व खात्याचं तिकीट काढावं लागतं, इथे तेही नाही. तरीही रविवारी संध्याकाळी गडावरून परतलेल्या एखाद्या कुटुंबाला विचारा, दीड-दोन हजार कशात गेले ते कुणालाच नीट सांगता येत नाही. थोडे गाडीत, थोडे नाक्यावर, बरेचसे पोटात आणि उरलेले मुलांच्या हट्टात. याच गडावर एकटा माणूस साडेचारशे रुपयांत पोटभर जेवून, कडे-दरवाजे बघून अंधार पडायच्या आत घरी येऊ शकतो. फरक पडतो तो कुठे खर्च करायचा आणि कुठे हात आखडायचा यावर.

आधी दिवसांविषयी. पावसाळ्यात सिंहगडावर ढग असतात, घाटात दरडीची भीती असते आणि शनिवार-रविवारी गाड्यांची रांग असते. उन्हाळ्यात दहानंतर कातळ तापतो. डिसेंबर ते फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत मात्र पायवाट कोरडी, हवा स्वच्छ आणि ऊन सोसवणारं. जानेवारीत पुण्याला सूर्य सातच्या पुढे उगवतो आणि सव्वासहाच्या सुमारास मावळतो, म्हणजे हातात अकरा तासांचा उजेड. त्यातले सहा-सात तास गडाला पुरतात. शक्य असेल तर मंगळवार-बुधवारसारखा आडवार धरा. एक दिवसाची रजा टाकावी लागली तरी चालेल, इतका रविवारच्या आणि आडवारच्या सिंहगडात फरक आहे.

हिवाळ्यासाठी माझ्याकडे आणखी एक कारण आहे, ते गोष्टीतलं. तानाजी मालुसऱ्यांनी कोंढाणा, म्हणजे हाच सिंहगड, घेतला ती रात्र ४ फेब्रुवारी १६७०ची, तिथी माघ वद्य नवमी. म्हणजे ही लढाईच मुळी थंडीतली. अंगावर स्वेटर चढवून पश्चिम अंगाच्या कड्यावर उभं राहिलं आणि खाली नजर टाकली, की अंधारात ही उभी भिंत चढून येणं काय असेल, याचा थोडाफार अंदाज येतो.

पायथ्यापर्यंत

सर्वांत स्वस्त आणि सर्वांत कमी कटकटीचा मार्ग म्हणजे स्वारगेटहून पीएमपीची ५० नंबरची बस. ती सिंहगड पायथ्याला, म्हणजे आतकरवाडीला सोडते. तिथूनच पायवाट सुरू होते. जून २०२५मध्ये पीएमपीने दर वाढवले, त्यामुळे एका बाजूचे साधारण साठ रुपये धरा. जाऊन-येऊन एकशेवीस.

दिवसभराचा पास घ्यावा का, हा प्रश्न नेहमी येतो. सत्तर रुपयांचा पास महापालिकांच्या हद्दीपुरता आहे आणि पायथा हद्दीबाहेर पडतो, म्हणून तो इथे कामाचा नाही. दीडशेचा पास सगळीकडे चालतो. पण स्वारगेटच्या जवळ राहणाऱ्याला तोही महागच पडतो, कारण त्याचं काम एकशेवीसमध्ये होतं. घरापासून स्वारगेटपर्यंतही बसनेच यायचं असेल आणि येण्या-जाण्याला तीस-चाळीस रुपये पडत असतील, तरच दीडशेचा पास फायद्याचा. पैसे देण्यापूर्वी वाहकाला एकदा विचारा, तो दोन वाक्यांत सांगतो.

मेट्रो स्वारगेटपर्यंत पोचल्यापासून पिंपरी-चिंचवडकरांची चांगली सोय झाली आहे. पुणे स्टेशनवर उतरणाऱ्यांनी जिल्हा न्यायालय स्थानकावर गाडी बदलायची. शनिवार-रविवारी मेट्रोच्या तिकिटावर तीस टक्के सवलत असते.

मुंबईहून एका दिवसात जमतं का? जमतं, पण दमछाक होते. पहाटेची इंद्रायणी पकडली तर पुण्याला नऊच्या सुमारास उतरता येतं आणि पायथ्याला साडेदहा-अकरा वाजतात. थंडीचा दिवस असल्यामुळे उशिरा चढायला सुरुवात केली तरी ऊन फार लागत नाही, आणि परत फिरायला संध्याकाळची इंद्रायणी आहे. नाव ऐकून सिंहगड एक्स्प्रेसच्या भरवशावर मात्र राहू नका. ती सकाळी पुण्याहून मुंबईला जाते, म्हणजे तुमच्या नेमकी उलट. मुंबईकरांनी आदल्या रात्री पुण्यात नातेवाइकांकडे मुक्काम करावा. तो खर्च मी हिशोबात धरत नाही. मिठाईचा पुडा मात्र धरावा.

आता स्वतःची गाडी. स्वारगेटहून पायथा जाऊन-येऊन साठ किलोमीटरच्या आत-बाहेर. मोटरसायकलला दीड लिटरच्या आसपास पेट्रोल, म्हणजे दीडशे रुपये. कारला चार-साडेचार लिटर, म्हणजे साडेचारशेच्या जवळपास. दोघं मोटरसायकलवर असाल तर बसपेक्षा स्वस्त पडतं, हे मान्य. कारमध्ये चौघं असतील तर बसच्या बरोबरीने येतं. एकट्याने कार काढणं हा शुद्ध शौक.

गाडी थेट गडाच्या वाहनतळापर्यंत न्यायची असेल तर घाट सुरू होण्यापूर्वी वनविभागाचा नाका लागतो. दुचाकीला पन्नास, चारचाकीला शंभर रुपये. पावती मागून घ्या. पुढे आठ-नऊ किलोमीटरचा वळणांचा घाट आहे. रविवारी दहानंतर तो तुंबतो आणि वरचा वाहनतळ भरला की खालीच थांबवून ठेवतात. संध्याकाळी वर जाणाऱ्या गाड्या सोडत नाहीत. घाटासाठी मे २०२२मध्ये ई-बस सुरू झाल्या होत्या, पण सुरक्षिततेच्या प्रश्नामुळे त्या त्याच महिन्यात थांबवाव्या लागल्या. त्यामुळे घाटातल्या बसच्या भरवशावर बेत आखू नका. गावातल्या जीप सीटप्रमाणे वर नेतात. माणशी सत्तर ते शंभर रुपये मागतात आणि गाडी भरेपर्यंत थांबावं लागतं.

माझं मत विचाराल तर गुडघे धड असलेल्या माणसाने गाडी पायथ्याला ठेवून चालावं. ज्यांना हृदयाचा किंवा रक्तदाबाचा त्रास आहे, किंवा पायऱ्या चढताना धाप लागते, त्यांनी मात्र हा चढ प्रतिष्ठेचा करू नये. त्यांच्यासाठी जीपचे शंभर रुपये हा या सहलीतला सर्वांत योग्य खर्च आहे. उतरतानाचीही सोय तशीच ठेवावी. गुडघे दुखतात ते बहुतेक वेळा उतरताना.

ऍपवरून टॅक्सी मागवण्याविषयी एकच सांगतो. जाताना ती मिळते, येताना मिळेलच असं नाही.

चढ

सिंहगड समुद्रसपाटीपासून १,३१२ मीटर उंच. आतकरवाडीतून पायवाट पावणेतीन किलोमीटरच्या आसपास आहे, पण तेवढ्यात जवळजवळ सहाशे मीटर वर जावं लागतं. म्हणजे सपाटी अशी फारशी नाहीच. दर आठवड्याला येणारे पुणेकर पाऊण तासात वर पोचतात आणि तुमच्याकडे बघून न बघितल्यासारखं करतात. त्यांच्या नादाला लागू नका. सवय नसलेल्याने दीड ते दोन तास धरावेत.

थंडीत वाटेवर चिखल नसतो, पण घसारा असतो. सुटा मुरूम आणि वाळलेलं गवत, यावर चपटा तळवा सरळ घसरतो. म्हणून या सहलीतला खरा मोठा खर्च बुटांचा. चांगल्या पकडीचे साधे ट्रेकिंग बूट हजार ते दोन हजारांत येतात आणि चार-पाच हिवाळे टिकतात. पाच हजारांचे, घोट्यापर्यंतचे, पाणी न शिरणारे बूट सिंहगडासाठी कुणी गळ्यात मारत असेल तर नको म्हणा. जुने पळण्याचे बूट असतील आणि तळव्यावरची नक्षी अजून झिजली नसेल तर तेही चालतील. नवे बूट घेतलेच तर आठवडाभर घरातून बाजारात, बाजारातून घरी असे वापरा. पहिल्यांदा गडावरच घातले तर टाचेला फोड ठरलेला.

बाकीच्या सामानासाठी दुकानात जायची गरज नाही. सकाळी पायथ्याला कडाका असतो म्हणून लोक जाड जाकिटं घालून निघतात आणि वीस मिनिटांत घामाने भिजतात. मग वर दरवाज्याशी वारा लागला की तोच घाम गार पडतो. त्यापेक्षा आत सुती शर्ट आणि पिशवीत एक घरचा स्वेटर. वर पोचल्यावर स्वेटर घालायचा. डोक्याला टोपी, माणशी दोन लिटर पाणी घरूनच. विकतच्या बाटल्यांना वर जास्त पैसे पडतात आणि रिकाम्या बाटल्यांचं काय होतं ते पायवाटेच्या दोन्ही बाजूंना दिसतं.

दोन गोष्टी फुकटच्या, पण महत्त्वाच्या. अत्तर किंवा उग्र वासाचा स्प्रे मारून जाऊ नका आणि कड्याखाली धूर करू नका, कारण सह्याद्रीतल्या कड्यांना आग्या मोहोळं असतात. आणि विडी-सिगारेट नको. जानेवारीनंतर गवत इतकं वाळलेलं असतं की एका थोटकाने अख्खा डोंगर पेटतो.

वाटेवर ताक, लिंबू सरबत, काकडी, आवळे, चिंचा, बोरं घेऊन गावातले लोक बसलेले असतात. ताक वीस-तीस रुपयांना. थंडीत ओल्या हरभऱ्याच्या जुड्या आणि पेरूही मिळतात. चढताना एकच ताक प्या. पोट डचमळलं की उरलेला चढ कठीण जातो.

गोष्ट फुकट आहे

पुणे दरवाजातून आत गेल्यावर कुणी तरी घोरपडीची गोष्ट सांगतंच. यशवंती नावाच्या घोरपडीच्या कमरेला दोर बांधला, ती माघारी फिरली, तानाजींनी तिला दरडावलं, मग ती कडा चढून गेली. ही गोष्ट तुळशीदास शाहिराच्या पोवाड्याने घरोघर पोचवली आणि तानाजींच्या मुलाच्या, रायबाच्या लग्नाची गोष्टही त्याच वाटेने आली. तिची खुमारी कमी करायचा माझा हेतू नाही. मुलांना तर ती कड्यावर उभं करूनच सांगावी. पण लढाईनंतर पाव शतकाच्या आसपास लिहिलेल्या सभासदाच्या बखरीत घोरपड नाही. तिथे निवडक दोन मावळे वानरांसारखे कडा चढून जातात. घोरपड काढून टाकली तर माणसांचं काम आणखी अवघड होतं, सोपं नाही.

बखरीतला दुसरा तपशील थंडीत गेल्याशिवाय नीट कळत नाही. गड हाती आल्यावर पागेला आग लावली आणि तो उजेड शिवाजी महाराजांनी राजगडावरून पाहिला. पावसाळ्यात हे खरं वाटणं कठीण आहे, कारण दहा फुटांवरचं दिसत नाही. हिवाळ्यात कल्याण दरवाज्याच्या बाजूला जा आणि नैर्ऋत्येला बघा. समोर राजगड, त्याच्या उजवीकडे तोरणा. राजगडाचं हवाई अंतर पंधरा किलोमीटरच्या आसपास. हवा स्वच्छ असेल तर बालेकिल्ला स्पष्ट ओळखू येतो, आणि काळोख्या रात्री एवढ्या अंतरावरून आग का दिसू नये, हे आपोआप पटतं. पूर्वेला पुरंदर, खाली खडकवासल्याचं पाणी. हे बघायला दुर्बिणीवाल्याला वीस रुपये द्यायची गरज नाही, पण मुलं ऐकणार नाहीत.

बघण्याचा क्रम असा ठेवा. पुणे दरवाजे, कोंढाणेश्वर आणि अमृतेश्वर, तानाजींचं स्मारक, देवटाकं, मग कल्याण दरवाजा, झुंजार बुरूज आणि शेवटी तानाजी कडा. तानाजींशी लढलेला मोगल किल्लेदार उदेभान राठोड याचाही चौथरा गडावर आहे. बहुतेक लोक तिकडे फिरकत नाहीत, तुम्ही फिरका. छत्रपती राजाराम महाराजांचं निधन मार्च १७००मध्ये याच गडावर झालं, त्यांच्या समाधीशी मात्र पाच मिनिटं शांत थांबता येतं. टिळकांचा बंगला बाहेरून बघून घ्या. एवढं सगळं फिरायला अडीच तास लागतात. खर्च शून्य. माहितगार बरोबर हवाच असेल तर वाटाड्या शोधण्यापेक्षा चहाच्या टपरीवरच्या म्हाताऱ्या माणसाशेजारी बसा.

कड्याच्या टोकावर फोटोसाठी जाऊ नका, हे लिहायची वेळ येऊ नये. पण येते.

पोटाचा हिशोब

आता सर्वांत जास्त पैसे जिथे जातात ते. पिठलं-भाकरीची थाळी दीडशे ते दोनशे रुपये, कांदाभजीची प्लेट साठ ते शंभर, मटक्यातलं दही चाळीस-पन्नास. टपरीगणिक आणि वाराप्रमाणे दहा-वीस रुपयांचा फरक पडतो. बसण्यापूर्वी दोन प्रश्न विचारा. थाळीत भाकऱ्या किती, आणि वरची भाकरी कितीला? इथेच लोक फसतात असं नाही, पण बिल आल्यावर चेहरे पडतात ते याच प्रश्नांपायी.

थंडीत ज्वारीऐवजी बाजरीची भाकरी मागा. बरोबर वांग्याचं भरीत असेल तर ते, ठेचा बेताने. नूडल्स आणि मंचुरियनवर गडावर पैसे घालवणाऱ्यांना मी काही सांगत नाही. दही जेवणानंतर घ्या आणि एकाने एक घ्या. दोघांत एक घेतलं की दुसरं मागवावंच लागतं.

घासाघीस करू नका, ही माझी विनंती. दर जास्त वाटला तर पुढच्या टपरीवर जा, पण पाच रुपयांसाठी हुज्जत नको. घेरा सिंहगडच्या आणि पायथ्याच्या वाड्यांमधल्या बायका वर्षानुवर्षं दूध-दही, पीठ, सरपण वर आणून हा धंदा करत आल्या आहेत. तुम्ही हौसेने एकदा चढता तो चढ त्यांचा कामाचा रस्ता आहे. घरून डबा नेला तरी हरकत नाही. मग दही तरी त्यांच्याकडून घ्या.

रोख पैसे ठेवा. फोनवरून पैसे देण्याची सोय बहुतेक टपऱ्यांवर आहे, पण रविवारी गर्दीत रेंज गायब होते आणि मग पाचशेच्या नोटेला सुट्टे कुणाकडेच नसतात. पन्नास आणि शंभरच्या नोटा आदल्या दिवशी मोडून घ्या.

एकूण किती?

एकटा माणूस, बसने, पायी: प्रवास एकशेवीस, जेवण-दही दोनशे-अडीचशे, ताक आणि चहा पन्नास. साडेचारशेच्या आत काम होतं. मित्रांची जोडी मोटरसायकलवर, गाडी पायथ्याला ठेवून: माणशी साडेतीनशे-चारशे. चौघांचं कुटुंब कारने थेट वर: पेट्रोल घाट धरून सहाशेपर्यंत, नाक्याचे शंभर, जेवण नऊशे-हजार, आणि भजी, बोरं, दुर्बीण, घोड्यावरचा फोटो असलं काहीबाही दोन-तीनशे. म्हणजे दोन हजार. हेच कुटुंब पायी चढलं तर नाका आणि घाटाचं पेट्रोल वाचतं, पण मुलांना भूक दुप्पट लागते, त्यामुळे बचतीचं गाजर त्यांना दाखवू नका.

सिंहगडासाठी माणशी सात-आठशे ते हजार रुपये घेऊन ‘ट्रेक पॅकेज’ विकणारेही आहेत. न्याहारी, जेवण, ‘लीडर’ आणि प्रमाणपत्र. पहिल्यांदाच डोंगर चढणाऱ्या, ओळखीचं कुणी नसलेल्या माणसाला सोबत म्हणून ते ठीक. बाकीच्यांनी हे पैसे बुटांत घालावेत. वाट इतकी मळलेली आहे की हरवायचं म्हटलं तरी कठीण. कात्रज ते सिंहगड ही डोंगररांगेवरची चाल मात्र वेगळी गोष्ट आहे. ती रात्रीची, लांबलचक आणि चढ-उतारांची असते, तिथे जाणकार सोबत हवाच. तिचा हिशोब या लेखात नाही.

निघण्यापूर्वी गड उघडा आहे ना, याची खात्री करून घ्या. मे २०२५च्या अखेरीस अतिक्रमणं काढण्याच्या मोहिमेसाठी गड काही दिवस बंद ठेवला होता आणि नाक्यावरून परत फिरलेल्यांचा पेट्रोलचा खर्च कुणी भरून दिला नाही. माघ वद्य नवमीला गडावर मानवंदना आणि पोवाडे असतात. ते ऐकायचे असतील तर गर्दी धरूनच जा आणि गाडी घरी ठेवा. शेवटची बस किती वाजता सुटते ते सकाळी पायथ्याला उतरतानाच वाहकाला विचारून ठेवा. ती चुकली तर स्वारगेटच्या रिक्षेला दिवसभराच्या सगळ्या खर्चाहून जास्त पैसे मोजावे लागतील.